धमकी आली आहे, मदत कुठे मागायची? पर्यावरण रक्षकांसाठी संरक्षण निधीची वाट

२२ डिसेंबर १९८८ च्या संध्याकाळी ब्राझीलमधल्या शापुरी गावात चिको मेंडिस यांच्या स्वयंपाकघरात दोन पोलीस बसले होते. रबराच्या झाडांवर पोट असलेल्या माणसांना संघटित करून जंगलतोड अडवणाऱ्या मेंडिस यांना मारण्याच्या धमक्या येत होत्या, म्हणून सरकारनेच त्यांना हे अंगरक्षक दिले होते. डॉमिनोचा डाव चालू होता. मेंडिस टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीसाठी मागच्या अंगणात निघाले. त्यांनी दार उघडलं आणि अंधारातून गोळी आली.

पहारा होता, पण मागच्या दाराचा विचार कोणी केला नव्हता. धोक्यात असलेल्यांना सुरक्षेसाठी पैसे देणाऱ्या संरक्षण निधीबद्दल कोणी विचारलं की मी आधी हे सांगते, कारण नव्याने अर्ज करणारे बहुतेक जण 'किती पैसे मिळतील' इथून सुरुवात करतात. आधी विचारायचं ते हे, की आपलं मागचं दार कुठलं आणि ते बंद करायला नेमकं काय लागेल. याचं उत्तर हातात असलं की अर्ज अर्धा लिहून झालेला असतो.

हा लेख अशांसाठी आहे, जे नदी, जंगल, जमीन, किनारा किंवा हवा वाचवण्यासाठी उभे आहेत आणि ज्यांना त्यापायी धमक्या, पाळत, मारहाण, खोटे गुन्हे यांना तोंड द्यावं लागतंय. त्यांच्या जवळच्यांनीही वाचावा. बऱ्याचदा अर्ज तेच लिहितात, कारण ज्याच्यावर बेतलंय त्याला बसून लिहायला उसंत नसते.

आपण यात बसतो का?

'मी कसला रक्षक, मी तर आमची जमीन वाचवतोय,' असं म्हणून कित्येक जण मागे फिरतात. फिरू नका. पर्यावरण रक्षक ही पदवी नाही, ओळखपत्रही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९ डिसेंबर १९९८ रोजी मानवी हक्क रक्षकांविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. त्यानुसार माणूस रक्षक ठरतो तो त्याच्या कामावरून, आणि मार्ग शांततेचा हवा. शेतकरी, मच्छीमार, आदिवासी वस्तीतली आजी, वनरक्षक, वकील, पत्रकार, कोणीही यात येतं. संस्था नोंदणीकृत असलीच पाहिजे असंही नाही. अनेक निधी एकट्या व्यक्तीला किंवा नोंदणी नसलेल्या गटालाही मदत देतात.

त्याच जाहीरनाम्याचं तेरावं कलम लक्षात ठेवा. मानवी हक्कांचं रक्षण शांततेने करण्यासाठी साधनं मागणं, स्वीकारणं आणि वापरणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, असं ते सांगतं. मदत मागताना अनेकांची मान खाली जाते, विशेषतः ज्यांनी आयुष्यभर कोणाकडे हात पसरला नाही त्यांची. हा अर्ज म्हणजे हात पसरणं नव्हे.

धोका खरा आहे की आपण उगाच घाबरतोय, अशीही शंका येते. ग्लोबल विटनेस ही संस्था २०१२ पासून अशा हत्यांची नोंद ठेवते. तिच्या नोंदीत २०२३ मध्ये १९६ जण मारले गेले. २०२४ मध्ये मारले गेलेले आणि दीर्घकाळ बेपत्ता झालेले मिळून १४६, आणि त्यातले ४८ एकट्या कोलंबियातले. या मोजणीत मारहाण, जाळलेली घरं, वर्षानुवर्षं चालणारे खटले धरलेलेच नाहीत. तेव्हा भीती वाटत असेल तर तिला वेड्यात काढू नका, तिची नोंद करा.

नोंदवही: सगळ्यात आधी, आजच

तहान लागल्यावर विहीर खणायची नसेल तर हे काम अर्जाच्या कितीतरी आधी सुरू करावं लागतं. एक वही घ्या आणि जे घडेल ते त्याच दिवशी लिहा. तारीख, वेळ, जागा, काय घडलं, कोणी पाहिलं, पुरावा काय, आणि आपण पुढे काय केलं. मत वेगळं, पाहिलेलं वेगळं.

समजा, एक बाई नदीतल्या बेकायदा वाळूउपशाविरुद्ध तक्रारी करतेय. तिच्या वहीत असं असू शकतं:

'मंगळवार, रात्री ९.४०. बैठक संपवून नदीकाठच्या वाटेने घरी येताना मागे मोटारसायकल, दिवा बंद. दोघे जण. पुलापर्यंत मागे आले, मग थांबले. नंबरपाटीवर चिखल. सोबत असलेल्या शेजारणीनेही पाहिलं. सोमवारी आमच्या तक्रारीवरून दोन ट्रक जप्त झाले होते. बुधवारी सकाळी पोलिसांत लेखी तक्रार दिली, पोच मिळाली नाही.'

यात एकही भडक विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. सोमवारची जप्ती आणि मंगळवारची मोटारसायकल एकाशेजारी एक आल्या की कारण आपोआप दिसतं. शेवटचं वाक्यही महत्त्वाचं आहे. पोच न मिळणं हीसुद्धा घटनाच आहे, कारण स्थानिक यंत्रणेकडे दाद मागून पाहिली हे त्यातून कळतं.

वहीचे फोटो काढून विश्वासातल्या एका माणसाकडे ठेवा, आणि तो माणूस शक्यतो दुसऱ्या गावातला असू द्या. धमकीचे संदेश पुसू नका. राग येतो, घरच्यांनी पाहू नयेत असं वाटतं, तरी पुसू नका. स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसली पाहिजे.

धोका मोजायचा कसा

रक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्था एक साधं समीकरण शिकवतात. धमकी गुणिले दुबळे दुवे, भागिले आपली ताकद, म्हणजे धोका. धमकी देणारा आपल्या हातात नसतो. दुबळे दुवे कमी करणं आणि ताकद वाढवणं मात्र हातात असतं, आणि निधी मिळतो तो याच दोन गोष्टींसाठी.

वाळूवाल्या बाईचंच उदाहरण पुढे नेऊ. तिचे दुबळे दुवे कोणते? एकच वाट, तीही अंधारी. बैठक दर मंगळवारी, त्याच वेळी. सगळी कागदपत्रं एका कपाटात. फोन एकच, त्याला पासवर्ड नाही. नवरा बाहेरगावी, घरी दोन मुलं, मुलांच्या शाळेची वाट सगळ्यांना ठाऊक. आणि ताकद? शेजारणी जवळ, हाकेला धावणाऱ्या. एक वकील ओळखीचा. गटात वीस बाया. मोठ्या बातमीदारांपर्यंत पोहोच मात्र शून्य.

ही यादी एकटीने करू नये. चार जणांत बसून करावी, आणि त्यात घरची माणसं हवीतच. मुलांना काय काय दिसलंय हे ऐकून मोठ्यांचे डोळे उघडतात. यातल्या काही गोष्टींना पैसाही लागत नाही. बैठकीचा वार बदलणं, दोघींनी मिळून परतणं, पोहोचल्यावर संदेश टाकणं, फोनला कुलूप. हे आधी करून टाका आणि अर्जात तसं लिहा. स्वतःसाठी जे शक्य ते केलेल्या माणसाचा अर्ज वेगळाच उठून दिसतो.

काय मागता येतं

संरक्षण निधीतून साधारणपणे पुढच्या गोष्टींना पैसे मिळतात. घर किंवा कार्यालयाची दारं, कुलपं, कुंपण, दिवे, कॅमेरे. सुरक्षित फोन आणि संगणक. सुरक्षित प्रवास. वकिलाची फी. हल्ल्यानंतरचे उपचार, मानसोपचारही. तुरुंगात असलेल्याच्या कुटुंबाचा खर्च. आणि काही काळ दुसरीकडे राहण्याची सोय. नेहमीचे पगार, मोहिमेचा खर्च, आधीचं कर्ज यांना हे निधी सहसा पैसे देत नाहीत. शस्त्र तर मागूच नका.

अंदाजपत्रकात लोक फसतात ते एका ठरावीक जागी. 'कॅमेरे ४' असं लिहितात आणि रक्कम टाकतात. पण कॅमेऱ्याला वीज लागते. वीज गेली तर? चित्रण कुठे साठणार? ते यंत्र घरातच ठेवलं तर घर फोडणारा तेही घेऊन जाईल. रात्री ते कोण पाहणार आणि काही दिसलं तर कोणाला फोन करणार? म्हणून कॅमेऱ्याच्या ओळीखाली बॅटरी, बाहेरच्या साठवणुकीचं वर्षाचं शुल्क, बसवणाऱ्याची मजुरी आणि दुरुस्ती या ओळी हव्यात. बसवणारा कोण आहे, तो विरोधकांच्या ओळखीतला तर नाही, हेही आधी पाहावं लागतं. माझं प्रामाणिक मत असं, की जिथे रात्री कोणी जागं नसतं तिथे चार कॅमेऱ्यांपेक्षा दोन झगझगीत दिवे आणि आतून लागणारी दणकट कडी जास्त उपयोगी पडते.

पहारेकरी नेमण्याबद्दलही थांबून विचार करा. बंदूकधारी पहारेकरी आला की शेजारी यायचे थांबतात, आणि शेजार ही तुमची सगळ्यात जुनी ताकद आहे. काही ठिकाणी सोबतीचा मार्ग जास्त चालतो. पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल ही १९८१ मध्ये स्थापन झालेली संस्था निःशस्त्र स्वयंसेवकांना धोक्यातल्या रक्षकांच्या सोबत पाठवते. बाहेरचा डोळा पाहतोय हे कळलं की हल्लेखोर कचरतो, हा त्यामागचा विचार. ही सोय ठरावीक देशांतच आहे, पण गटातल्या गटात सोबत करण्याची पद्धत कुठेही बसवता येते. त्यासाठी प्रवासखर्च मागता येतो.

कोणाचं दार ठोठवायचं

सगळीकडे एकदम अर्ज पाठवू नका. या संस्था एकमेकींशी बोलतात, आणि तोच खर्च दोघींकडे मागितलेला दिसला तर विश्वास उडतो. एका खर्चासाठी एक दार. दुसरीकडेही मागितलं असेल तर तसं स्पष्ट लिहावं. खर्च वाटून घ्यायला त्या तयार होतात.

फ्रंट लाइन डिफेंडर्स ही डब्लिनमधली संस्था २००१ पासून काम करते. तिच्या संरक्षण अनुदानाची कमाल मर्यादा ७,५०० युरो आहे आणि तातडीच्या प्रसंगी फोन करायला तिची चोवीस तासांची सेवा आहे. युरोपीय संघाच्या पैशावर २०१५ पासून चालणारी प्रोटेक्टडिफेंडर्स डॉट ईयू ही बारा संस्थांची मिळून यंत्रणा आहे. तिचं तातडीचं अनुदान १०,००० युरोंपर्यंत असतं. काही काळ स्थलांतर करायचं असेल तर तिथे वेगळा अर्ज होतो. स्त्रिया आणि लिंगभावामुळे ज्यांच्यावर हल्ले होतात अशांसाठी अर्जंट अ‍ॅक्शन फंड हा १९९७ साली सुरू झालेला निधी आहे. त्याचे आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशिया-पॅसिफिकसाठीचे भगिनी निधीही आहेत. रकमा आणि अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या पुन्हा वाचा.

फोन हॅक झाल्याचा संशय असेल तर पैशाच्या अर्जाआधी अ‍ॅक्सेस नाऊच्या डिजिटल सुरक्षा मदतसेवेला लिहा. ती चोवीस तास चालते, फुकट आहे आणि दोन तासांत उत्तर देण्याचं तिचं वचन आहे. काही काळ देश सोडून श्वास घ्यायचा असेल तर नेदरलँड्समधल्या शेल्टर सिटीसारख्या योजना साधारण तीन महिने राहण्याची सोय करतात.

पैसे देत नाहीत पण दबाव आणतात अशाही जागा आहेत, आणि अर्जाच्या जोडीने त्यांना कळवणं शहाणपणाचं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क रक्षकांसाठीच्या विशेष प्रतिवेदकांना, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांना, कोणत्याही देशातून लिहिता येतं. पर्यावरणाबद्दल माहिती आणि न्याय मागण्याचा हक्क देणाऱ्या, मुख्यतः युरोपातल्या आर्हुस करारातल्या देशांसाठी २०२२ पासून पर्यावरण रक्षकांचे स्वतंत्र विशेष प्रतिवेदक आहेत. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधला एस्काझू करार २२ एप्रिल २०२१ पासून लागू आहे, आणि त्याच्या नवव्या कलमात रक्षकांना सुरक्षित वातावरण देण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली आहे. तुमचा देश यात असेल तर अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करा.

आणि ज्या प्रकल्पामुळे हे सगळं ओढवलंय त्याला पैसा कोण पुरवतंय, तेही शोधा. होंडुरासमध्ये बेर्टा कासेरेस ग्वालकार्के नदीवरच्या आग्वा सार्का धरणाविरुद्ध लढल्या. आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने त्यांना संरक्षण द्या असं २००९ पासून सरकारला सांगितलं होतं. २०१५ मध्ये त्यांना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. तरी २ मार्च २०१६ च्या रात्री घरात घुसून त्यांना ठार मारलं. त्यानंतर २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि फिनलंडच्या विकास वित्तसंस्था प्रकल्पातून बाहेर पडल्या. बैल गेला अन् झोपा केला. तुम्ही मात्र कर्ज देणाऱ्या बँकेच्या तक्रार यंत्रणेला जिवंतपणी आणि वेळेत कळवा. जागतिक बँक गटात अशा यंत्रणा आहेत. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते, आणि सूड उगवला जातोय हेही त्यांना सांगता येतं.

अर्ज लिहिताना

बहुतेक अर्जांत हेच विचारलेलं असतं. तुम्ही कोण, काय काम करता, काय घडलं, त्या घटनेचा तुमच्या कामाशी संबंध काय, काय हवंय, त्याने धोका कसा कमी होईल, आणि तुम्हाला ओळखणारे कोण.

पहिल्या मसुद्यात लोक असं लिहितात: 'आमच्यावर प्रचंड अन्याय होत असून आमच्या जिवाला गंभीर धोका आहे, तरी भरीव मदत मिळावी.' यातलं एकही अक्षर खोटं नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तेच असं लिहून पाहा: 'दोन ट्रक जप्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तीन आठवड्यांत चार वेळा पाठलाग झाला (नोंदी सोबत). चारही वेळा मी नदीकाठच्या वाटेवर होते. पुढच्या महिन्यात माझी न्यायालयात साक्ष आहे. तोपर्यंत आठ आठवडे भाड्याच्या वाहनाने येजा आणि साक्षीच्या आठवड्यात मुलांसह दुसऱ्या गावी राहण्याचा खर्च हवा आहे.' धोका कधी वाढणार, मदत किती दिवस लागणार आणि कधी संपणार, सगळं यात आलं.

भाषेची अडचण असेल तर ओळखीच्या माणसाकडून भाषांतर करून घ्या. भाषांतर यंत्राकडून करणार असाल आणि मजकूर गुप्त असेल, तर त्यात टाकण्याआधी नावं आणि जागा काढून टाका.

अर्ज पाळतीखालच्या फोनवरून पाठवू नका. कार्यालयातल्या सामायिक संगणकावरूनही नको. सिग्नल या संदेश अ‍ॅपसारखं साधन किंवा संस्थेने दिलेला सुरक्षित अर्ज वापरा. कळवण्यासाठी तुमच्याशी कसं बोलायचं तेही लिहा: कोणत्या वेळी फोन करावा, कोणी दुसऱ्याने उचलला तर काय म्हणावं.

पडताळणीला रागावू नका

अर्ज गेल्यावर संस्था तुमची चौकशी करते. दोन-तीन संदर्भ मागते, त्यांना फोन करते, बातम्या शोधते. मार खाल्लेल्या माणसाला 'पुरावा काय' असं विचारलं की जिव्हारी लागतं. मी समजू शकते. पण पैसा खबऱ्याच्या हाती गेला तर पुढच्या दहा जणांचा जीव धोक्यात येतो, म्हणून ती चौकशी असते. संदर्भ देणाऱ्यांना आधी विचारा, काय घडलंय ते त्यांना सांगून ठेवा, आणि त्यातला एक तरी तुमच्या गटाबाहेरचा असू द्या. कित्येक चांगले अर्ज अडकतात ते निव्वळ संदर्भाचा फोन लागला नाही म्हणून.

काही निधी दोन-तीन दिवसांत पहिलं उत्तर देतात, पण पैसे हातात पडायला आठवडे लागू शकतात. बँक आडवी येते. म्हणून मधल्या काळातला मुक्काम, जवळच्या चार घरांनी काढलेली थोडी वर्गणी, हे आधीच ठरवून ठेवा.

पैसे आल्यावर

परदेशातून येणाऱ्या पैशावर अनेक देशांत कडक कायदे आहेत. नोंदणी, परवानगी, ठरावीक बँकखातं, कर. पैसा घेण्याआधी वकिलाला विचारा, कारण छोट्याशा चुकीवरून उद्या तुमच्यावरच गुन्हा दाखल होईल आणि विरोधकांना आयतं कोलीत मिळेल. अडचण असेल तर संस्थेला मोकळेपणाने सांगा. कधी थेट वकिलाला, दवाखान्याला किंवा घरमालकाला पैसे देण्याची वाट निघते. आपल्या वैयक्तिक खात्यात 'बघू पुढे' म्हणून पैसे घेणं मात्र टाळा.

पावत्या जपा, पण डोकं वापरून. तुम्ही लपून राहताय त्या घराच्या भाडेपावतीवर पूर्ण पत्ता असेल आणि ती तुमच्याच पिशवीत सापडली तर? अशा पावत्यांचा फोटो सुरक्षितपणे पाठवून कागद दुसरीकडे ठेवा. पावती मिळणं शक्यच नसेल तिथे काय चालेल, हे खर्च करण्याआधी विचारून घ्या.

पैशाबद्दल गटात किती आणि कोणाला सांगायचं हेही ठरवावं लागतं. काहीच सांगितलं नाही तर कुजबुज सुरू होते, आणि बदनामी करणाऱ्यांना तेवढंच हवं असतं. रक्कम आणि पत्ते न सांगता, मदत कशासाठी मिळाली हे निदान तिघांना माहीत असावं. एकट्या नेत्यालाच संरक्षण मिळालं आणि बाकीच्या एकोणीस बाया त्याच अंधाऱ्या वाटेने चालत राहिल्या, तर धमकी देणारा नवं लक्ष्य निवडतो. म्हणून पहिल्याच अर्जात गटासाठी एखादी तरी ओळ घाला: वाटेवरचे दिवे, सगळ्यांसाठी फोन-सुरक्षेचं एक दिवसाचं शिबिर, जामिनाचा सामायिक निधी.

नकार आला तर

येतो. निधी संपलेला असतो, माहिती अपुरी असते, किंवा तुमचं प्रकरण त्यांच्या चौकटीत बसत नाही. कारण विचारा आणि 'मग आम्ही कोणाकडे जावं' हेही विचारा. चांगली संस्था दुसऱ्या दाराचा पत्ता देते. नवी घटना घडली की त्याच ठिकाणी पुन्हा अर्ज करता येतो, आणि तेव्हा नोंदवहीतली पुढची पानं सोबत जोडायची असतात. आधीचा अर्ज क्रमांक वर लिहा, म्हणजे तुमची पडताळणी पहिल्यापासून करावी लागत नाही.

आता एवढंच करा. वहीच्या पहिल्या पानावर तीन फोन नंबर लिहा: वकील, डॉक्टर, आणि दुसऱ्या गावातला तो विश्वासातला माणूस. तेच घरातल्या थोरल्या मुलाला पाठ करायला लावा. आणि आज रात्री झोपण्याआधी मागच्या दाराची कडी नीट लागते का, ते पाहून घ्या.